धूर, पेशी आणि पाण्याची पिंपे

पावसाळा ओसरू लागतो, गणपती जवळ येतात आणि बेळगावात दोन मागण्या एकदमच जोर धरतात. गल्लीतील पंच महापालिकेकडे धुराची गाडी मागतात आणि दवाखान्यात आलेले नातेवाईक ‘पेशी’, म्हणजे रक्तातील प्लेटलेट, मोजून मागतात. शहापूर भागात अनेक वर्षे जनरल प्रॅक्टिस करताना या दोन्ही मागण्या मी ऐकत आलो आहे. त्यांच्यामागची काळजी खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही डेंग्यूच्या साथीत शहराचा खरा प्रश्न साठवलेल्या पाण्याचा असतो आणि रुग्णाचा खरा प्रश्न रक्तवाहिन्यांतून झिरपून जाणाऱ्या पाण्याचा असतो, हे माझे मत दरवर्षी अधिक पक्के होत गेले आहे. धूर डोळ्यांना दिसतो आणि पेशींचा आकडा कागदावर दिसतो, म्हणून सगळे लक्ष तिकडे जाते.

आधी विषाणूविषयी थोडे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेला की त्या प्रकारापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते. पुढे कधीतरी वेगळ्या प्रकाराचा संसर्ग झाला, तर आधीच्या वेळी तयार झालेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) विषाणूला अडवण्याऐवजी शरीराच्या पेशींमध्ये शिरायला मदत करू शकतात, आणि म्हणून दुसऱ्या खेपेचा आजार गंभीर होण्याची शक्यता अधिक असते. ‘मला एकदा होऊन गेलाय, आता कसली भीती?’ असे म्हणणारी मंडळी दरवर्षी भेटतात; खरे तर जास्त जपायला हवे ते त्यांनीच. दुसरी बाब म्हणजे संसर्ग झालेल्या चार जणांपैकी साधारण तिघांना काहीच जाणवत नाही किंवा किरकोळ कणकण येऊन जाते, पण त्यांच्या रक्तातूनही डासाला विषाणू मिळू शकतो. गल्लीत एकाला डेंग्यू झाल्याचे कळते, तेव्हा विषाणू त्या गल्लीत बराच फिरून झालेला असतो.

हा विषाणू पसरवणारा पट्टेरी एडिस इजिप्ती डास पूर्णपणे शहरी सवयींचा आहे. तो गटारीत वाढत नाही. त्याला घरातले, माणसाने भरून ठेवलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते, आणि आपल्या शहराने ते त्याला मुबलक पुरवले आहे. बेळगावचे पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येते. २००८ पासून काही प्रभागांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, परंतु शहराच्या मोठ्या भागात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानेच येत राहिले आणि उन्हाळ्यात तर हे अंतर आठवड्यापर्यंत लांबते. ज्या घरी नळ आठवड्याने येतो, त्या घरातल्या बाईला ‘पाणी साठवू नका’ असे सांगणे ही क्रूर चेष्टा आहे. ती साठवणारच. न्हाणीतला हौद, परसातील प्लास्टिकची पिंपे, गच्चीवरची सिंटेक्सची टाकी, स्वयंपाकघरातील हंडे-कळशा हे सगळे भरलेले असते आणि पुन्हा पाणी येईपर्यंत त्यातले थोडे तरी तळाशी राहते. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्याने येणारे पाणी आणि आठवड्याभरात वाढणारा डास यांचे वेळापत्रक इतके जुळते, की आणखी काही कारण शोधण्याची गरजच पडू नये.

गटार तुंबले आहे म्हणून डेंग्यू झाला, ही समजूत इतकी घट्ट आहे की ती नगरसेवकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळीकडे आढळते. तुंबलेल्या गटारीत वाढणारा डास वेगळा असतो. तो हत्तीरोग पसरवतो आणि रात्री झोपू देत नाही. गटारी साफ व्हायलाच हव्यात, पण त्या साफ केल्याने डेंग्यू थांबेल असे समजणे म्हणजे एका रोगावर दुसऱ्याचे औषध घेणे होय.

आता धुराच्या गाडीकडे वळू. डिझेलमध्ये मिसळलेल्या कीटकनाशकाचा पांढरा लोट गल्लीतून जातो, तेव्हा लोक घाईघाईने दारे-खिडक्या लावून घेतात, आणि एडिस मात्र आत असतो. पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीला टांगलेल्या कपड्यांच्या घड्यांत, वडगाव-खासबागेतील विणकरांच्या घरात असेल तर मागाच्या अंधाऱ्या खोलीत तो निवांत बसलेला असतो. त्यातून जे उडते डास मरतात त्यांची जागा पिंपातील अळ्या दोन-चार दिवसांत भरून काढतात, कारण धूर पाण्यात शिरत नाही. घराच्या आत पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी करण्याला साथीत निश्चित स्थान आहे: रुग्ण सापडला की त्याच्या घरात आणि आसपासच्या सुमारे पन्नास घरांत ती तातडीने करायची, म्हणजे विषाणू पोटात घेऊन बसलेल्या माद्या मरतील. परंतु त्यासाठी फवारणी करणाऱ्याला माजघरापर्यंत येऊ द्यावे लागते, आणि ‘आमच्यात कुणाला ताप नाही’ म्हणून उंबऱ्यावरूनच त्याला परत पाठवणारी सुशिक्षित घरे टिळकवाडीतही कमी नाहीत.

यात दिवसांचा हिशेब महत्त्वाचा आहे. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत चार ते दहा दिवस जातात. ताप येण्याच्या आधीच्या एक-दोन दिवसांपासून पुढे साधारण पाच दिवस रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो आणि या काळात चावलेला डास आठ ते बारा दिवसांनी स्वतः रोग पसरवू लागतो. रुग्ण आधी घरगुती काढा घेतो, मग औषधाच्या दुकानातून गोळी आणतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरकडे येतो, पाचव्या दिवशी अहवाल मिळतो आणि त्यानंतर कधीतरी ती माहिती आरोग्य खात्याकडे पोहोचते. तोवर त्याने डासांना द्यायचे ते देऊन झालेले असते. म्हणून तापाच्या पहिल्या दिवसापासून, अहवालाची वाट न पाहता, रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवावे असे मी आग्रहाने सांगतो. एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि मावळतीच्या आधी. रात्री उदबत्ती लावून दिवसभर उघड्या अंगाने पडून राहणाऱ्या रुग्णाकडून घरातील बाकीच्यांना धोका तसाच राहतो.

मोठ्या शहरांनी हे आधी अनुभवले आहे. क्युबामध्ये १९८१ साली आलेल्या साथीत ३,४४,२०३ रुग्णांची नोंद झाली आणि १५८ जण दगावले. तेथील सरकारने घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासणारे हजारो कामगार नेमले आणि साधारण चार महिन्यांत साथ आटोक्यात आणली. १९९६ साली दिल्लीत १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू नोंदले गेले आणि डेंग्यूचे रक्तस्रावी रूप देशाला खऱ्या अर्थाने तेव्हा कळले. सिंगापूरचे उदाहरण मला सर्वांत विचार करायला लावते. त्या शहराने कडक तपासणी आणि दंड यांच्या जोरावर अळ्या सापडणाऱ्या घरांचे प्रमाण अगदी दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आणले, आणि तरीही २००५ साली तेथे चौदा हजारांवर रुग्ण झाले. वर्षानुवर्षे डेंग्यू कमी राहिल्याने लोकांतील प्रतिकारशक्तीच घटलेली होती, आणि डास घराबाहेर, शाळेत आणि कामाच्या ठिकाणी चावत होते. नियंत्रण हे एकदा करून संपणारे काम नाही, हे त्या शहराने सर्वांना दाखवून दिले.

आपल्या भागाला हाच डास आणखी एका नावाने ठाऊक आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली, त्यानंतर तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला, आणि २००६ मध्ये परतला तेव्हा देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी साडेसात लाखांवर, म्हणजे निम्म्याहून अधिक, एकट्या कर्नाटकातील होते. त्या वर्षी घराघरांत माणसे सांधे धरून बसली होती. चिकुनगुनिया सहसा जीव घेत नाही, महिनोन्महिने छळतो. डेंग्यूचा ताप गेला की सांध्यांची फार तक्रार राहत नाही, पण तो मधल्या दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. दोन्ही आजार एकाच वेळी फिरत असतात, म्हणून डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत सांधेदुखीसाठीसुद्धा डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरते, तेही वजनानुसार ठरलेल्या मात्रेत. ‘एक इंजेक्शन मारा आणि मोकळं करा’ असे म्हणणाऱ्या रुग्णाला परत पाठवणे हे आमच्या धंद्यातील अवघड काम आहे आणि ते न करणारेही पुष्कळ आहेत.

आजाराचा क्रम नीट समजून घेतला तर निम्मी भीती आपोआप कमी होते, आणि उरलेली निम्मी योग्य जागी लागते. सुरुवातीला दोन ते सात दिवस जोराचा ताप असतो; डोके, डोळ्यांची मागची बाजू, कंबर, पाय असे सगळे दुखते, चेहरा लालसर होतो, तोंडाची चव जाते, मळमळ होते. हा टप्पा सर्वांत त्रासदायक असला तरी सर्वांत धोक्याचा नसतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि त्याच सुमारास काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या गळू लागतात. रक्तातील पाण्याचा भाग पोटात आणि छातीत झिरपतो, मागे उरलेले रक्त घट्ट होते, आणि हृदयाला ढकलायला पुरेसा द्रव उरत नाही. हा टप्पा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचा असतो. नातेवाईक मात्र याच दिवशी निर्धास्त होतात, कारण ताप गेलेला असतो. मुलगा शांत पडून आहे, म्हणजे बरे वाटत असेल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे हातपाय गार पडलेले असतात.

म्हणून तापाच्या रुग्णाच्या घरच्यांना मी लक्षणे पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्यांच्याकडून म्हणवूनही घेतो. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाणे, मासिक पाळीत नेहमीपेक्षा फार रक्तस्राव होणे, विलक्षण सुस्ती किंवा उलट अस्वस्थ तडफड, आणि चार-सहा तास लघवी न होणे यांपैकी काहीही दिसले तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, मधुमेही आणि स्थूल व्यक्ती यांच्या बाबतीत तर इतकेही थांबू नये.

आता पेशींविषयी. प्लेटलेट कमी होणे हे डेंग्यूत अपेक्षितच असते, आणि एक लाखाखाली आकडा आला की घरात रडारड सुरू होते. पण रुग्णाला धक्क्याच्या (शॉकच्या) अवस्थेत नेते ती मुख्यतः द्रवाची गळती, आणि ती ओळखायची असेल तर त्याच अहवालात वर कुठेतरी छापलेला पीसीव्ही, म्हणजे रक्ताच्या घट्टपणाचा आकडा, पाहायला हवा. प्लेटलेट झपाट्याने घसरत असताना पीसीव्ही चढत असेल, तर तो इशारा आहे. त्याच्या जोडीला रक्तदाबाच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांतील अंतर पाहायचे. ते वीस किंवा त्याहून कमी झाले, तर वरचा आकडा ठीक दिसत असला तरी रुग्ण धोक्यात आहे. प्लेटलेट बाहेरून देण्याविषयी २०१७ मध्ये सिंगापूर आणि मलेशियातील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण गंभीर रक्तस्राव नसलेल्या प्रौढांना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव कमी झाला नाही, उलट दुष्परिणाम अधिक आढळले. असे असूनही साथीच्या दिवसांत एका बाटलीसाठी नातेवाईक रक्तपेढ्यांच्या पायऱ्या झिजवताना दिसतात. पपईच्या पानांच्या रसाबाबत मी फारसा वाद घालत नाही. धोक्याचा टप्पा ओलांडला की प्लेटलेट स्वतःहूनच वाढतात आणि श्रेय त्या वेळी जे पोटात असेल त्याला मिळते. उलट्या होत असलेल्या मुलाला तो कडू रस बळेच पाजू नये, एवढेच माझे म्हणणे.

खरा उपचार द्रवाचा, तोही मोजून. तोंडाने घेता येत असेल तोवर ओआरएस, भाताची पेज, ताक, नारळपाणी, नाचणीची आंबील असे थोडे थोडे सतत द्यावे. बीटचा किंवा गडद रंगाचा रस देऊ नये, नाहीतर उलटीत रक्त आहे की रस हे डॉक्टरलाही कळत नाही. तोंडाने घेणे जमत नसेल किंवा इशाऱ्याची लक्षणे असतील तेव्हा सलाईन लागते. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद अशी श्रद्धा असल्याने हे सांगणे आवश्यक आहे, की धोक्याचे दोन दिवस उलटले की झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परत येते, आणि त्या वेळीही बाटल्या चालूच ठेवल्या तर तेच पाणी फुप्फुसात साचून दम लागतो. अंगावर लालसर पुरळ येऊन मध्ये मध्ये पांढरे ठिपके सुटलेले दिसू लागले आणि तळहात-तळपाय खाजू लागले, की रुग्ण सुधारतो आहे असे समजावे आणि सलाईन आवरते घ्यावे.

चाचण्यांबाबत गोंधळ फार आहे. विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस-१ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, प्रतिपिंडे शोधणारी आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. तिसऱ्या दिवशी केलेली आयजीएम नकारात्मक आली म्हणून डेंग्यू नाही असे ठरत नाही. झटपट निकाल देणारी कार्ड टेस्ट ही अंदाजापुरती. शासकीय नोंदीसाठी प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने केलेली चाचणी ग्राह्य धरतात, आणि निवडक रुग्णालयांना त्यासाठीची आयजीएम किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडून पुरवली जातात. २०२४ च्या जुलैमध्ये कर्नाटक सरकारने एनएस-१ आणि आयजीएम या दोन्ही एलायझा चाचण्यांचा दर प्रत्येकी ३०० रुपये ठरवून दिला, हे चांगले झाले.

प्लेटलेट दर वेळी डेंग्यूनेच कमी होतात असे नाही, हेही येथे सांगायला हवे. भाताच्या खाचरात काम करणाऱ्याला लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून किंवा दोडामार्ग-सत्तरीच्या काजूबागांतून हिवाळ्या-उन्हाळ्यात ताप घेऊन आलेल्या मजुराला माकडताप असू शकतो. गोचिडीवाटे येणारा तो आजारही विषाणूचाच, आणि गोव्याच्या सत्तरीत २०१५ पासून व सिंधुदुर्गात २०१६ पासून त्याचे अस्तित्व माहीत आहे. तापाच्या रुग्णाला ‘कुठे कामाला जाता?’ हे विचारायला अर्धा मिनिट लागतो.

हाच प्रश्न साथीच्या नोंदीतही महत्त्वाचा ठरतो, आणि सीमाभागात तर अधिकच. महाराष्ट्रातील चंदगड तालुक्यातील माणूस आजारी पडला की कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ म्हणून येथे येतो. बेळगावातील कितीतरी तरुण रोज सीमेपलीकडच्या शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत जातात. रुग्णाची नोंद त्याच्या घरच्या पत्त्यावर होते आणि पथक त्या घरी जाऊन पिंपे तपासते, पण दिवसा चावणारा डास त्याला शिनोळीतील कारखान्याच्या आवारात पडलेल्या टायरातूनही भेटलेला असू शकतो. उपचार एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, अशा रुग्णाची माहिती दोन जिल्ह्यांच्या आरोग्य यंत्रणांमध्ये त्याच दिवशी इकडून तिकडे जायला हवी. विषाणूला चेकपोस्ट नाही. तीच गोष्ट माहितीपत्रकांची. केवळ कन्नडमध्ये छापलेले पत्रक आमच्या गल्लीतील निम्म्या म्हाताऱ्या वाचू शकत नाहीत, आणि पाण्याचा हौद घासायचा की नाही हे घरात त्याच ठरवतात. आशा कार्यकर्त्या दोन्ही भाषांत समजावून सांगतात म्हणून काम निभावते.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले आणि डासांची पैदास आढळल्यास शहरातील घराला ४०० रुपये, दुकाने व आस्थापनांना १,००० रुपये आणि बांधकामाच्या जागेला २,००० रुपये दंड ठरवला. बांधकामावर क्युरिंगसाठी दिवसेंदिवस पाणी साचवून ठेवणाऱ्या ठेकेदाराला दोन हजार म्हणजे काहीच नाही, असे माझे मत आहे. घरांच्या बाबतीत मात्र दंडापेक्षा गल्लीच्या पंचांचा शब्द अधिक चालतो. युवक मंडळाची पोरे आणि महिला मंडळ यांनी आठवड्यातील एक दिवस ठरवून घरोघरची पिंपे, हौद, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि परसातील करवंट्या रिकाम्या करवल्या, तर महापालिकेच्या महिन्याभराच्या धुराने होणार नाही एवढे काम होते. हौद रिकामा करणे परवडत नसेल तर अळ्या मारणाऱ्या अ‍ॅबेट या औषधाचे थेंब ठरलेल्या प्रमाणात टाकता येतात, आणि शहापुरात अजून टिकून असलेल्या आडांत गप्पी मासे सोडता येतात.

भांडे नुसते ओतून चालत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवून, आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पिंपात ती तशीच असतात आणि पहिल्या पाण्याबरोबर फुटतात. त्यामुळे आतून काथ्याने खरवडून घासण्याचे काम एप्रिल-मेमध्ये, टँकरच्या दिवसांत व्हायला हवे, आणि अळ्यांची पाहणीही तेव्हाच सुरू करण्याची मागणी पंचांनी महापालिकेकडे लावून धरायला हवी. राष्ट्रीय डेंग्यू दिन १६ मे रोजी असतो तो याच हिशेबाने. त्या दिवशी आमच्याकडे फेरी निघते, फलक धरून मुले चालतात, आणि पिंपे घासण्याचा विषय मात्र पुढे सप्टेंबरातच निघतो.